चुकलं की पहिल्यापासून

परीक्षेचे दिवस आले की माझं डोकं फिरतं. आता परीक्षा माझी नाही. मी सत्तरी ओलांडलेली बाई. पेपर देणं कधीच संपलं, आणि पस्तीस वर्षं मुलींना केमिस्ट्री शिकवून पेपर तपासणंही संपलं. पण नात बारावीला आहे, आणि घरात बारावीची मुलगी असली की परीक्षा घरातल्या सगळ्यांनाच द्यावी लागते. टीव्ही बंद. फोनवर हळू बोलायचं. कुकरच्या तीनच्या वर शिट्ट्या झाल्या तर सूनबाई माझ्याकडे बघते, जशी काही मीच वाजवली. आणि ज्या कार्टीसाठी ही एवढी शांतता पाळायची, ती कानात बोंडं घालून बसलेली! समोर फिजिक्सचं पुस्तक उघडं, पाय हलतोय, मान डोलतेय.

"काय ऐकतेस गं?"

"स्पॅनिश गाना, आजी."

"गाणं. आणि कळतं का त्यातलं काही?"

"कळायला कशाला पाहिजे? छान लागते ना."

"छान वाटतं," मी म्हणते. "पूर्ण वाक्य परत म्हण. पहिल्यापासून."

ईरा कोलकात्यात जन्मलेली, शाळेत बंगाली आणि इंग्रजी, त्यामुळे तिच्या मराठीतली सगळी लिंगं वाऱ्यावर गेलेली आहेत. 'आई आला' आणि 'बाबा गेली' हे मी या कानांनी ऐकलेलं आहे. वाक्य चुकलं की मी तिला ते पहिल्यापासून म्हणायला लावते. नुसता चुकलेला शब्द दुरुस्त केलेला मला चालत नाही. तिला याचा भयंकर वैताग येतो, आणि ही खोड मला कुठून लागली ते मी तिला कधी सांगितलेलं नाही.

स्पॅनिश म्हणे! बाई गं, हे खूळ तुमच्या पिढीनं शोधून काढलं असं वाटतं का तुम्हाला? पन्नास वर्षांपूर्वी याच कोलकात्यात, बेहाला नावाच्या भागात, ऐन परीक्षेच्या तोंडावर, याच भाषेनं मला रडकुंडीला आणलं होतं. तेव्हा कानात बोंडंही नव्हती, म्हणजे ज्याचं गाणं त्याच्यापुरतं राहायची सोय नव्हती. खालच्या मजल्यावर सुरू झालं की ते वरच्या मजल्यावरच्या प्रत्येकानं ऐकायचं, आवडो न आवडो.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती ती. बाबा रेल्वेत, ऑफिस गार्डन रीचला, आणि क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही बेहालात ट्रामच्या रस्त्यामागे एका बंगाली घरमालकाच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. ते 'मिळेपर्यंत' सहा वर्षं चाललं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. बाबांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं: "नलू, पहिला वर्ग आला तर एम.एस्सी. कर, मी मध्ये पडणार नाही. नाही आला तर नागपूरच्या स्थळाला होकार कळवायचा." नागपूरच्या स्थळाला मी पाहिलं होतं. तो माणूस चहा बशीत ओतून फुंकत होता आणि माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघून म्हणाला होता, "आवड आहे वाटतं वाचनाची." म्हणजे मला पहिला वर्ग किती हवा होता, ते समजा.

त्या फाल्गुनात खालच्या खोलीत अंतोन राहायला आला.

अंतोन गोव्याचा. वय पन्नाशीचं, कपाळ मोठं, शर्टाला कडक इस्त्री आणि चपला मात्र झिजलेल्या. वीस वर्षं तो पार्क स्ट्रीटवरच्या एका रेस्टॉरंटच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत होता. त्या काळी संध्याकाळी त्या रस्त्यावर दर चार दारांआड एक बँड असायचा. त्यात गोव्याची माणसं, अँग्लो-इंडियन, एखादा नेपाळी ड्रमवाला. बाह्यांना झालरी लावलेले शर्ट घालून ही मंडळी क्यूबाची होऊन जायची. रुंबा, चा-चा-चा, बोलेरो. समोर मारवाडी शेठजी आणि चहाच्या कंपन्यांतले साहेब कटलेट खात बसलेले. कुणालाही एक अक्षर कळत नसायचं, म्हणणाऱ्यालाही नाही, आणि तरी गाणं संपल्यावर सगळे रुमाल काढायचे. मग करमणुकीवरचा कर वाढला, बँड एकेक करून बंद पडायला लागले, आणि त्याच सुमारास अंतोनचे पुढचे चार दात पडले. ट्रंपेटवाल्याचे पुढचे दात म्हणजे गवयाचा गळाच. कवळी बसवून ट्रंपेट वाजत नाही. शहरातली खोली सोडून तो आमच्या खाली आला तो असा, पेटीत ट्रंपेट आणि तोंडात नवी कवळी घेऊन.

हे सगळं मला आईकडून कळलं. आईला सगळं कळायचं, कारण आई होती वेंगुर्ल्याची. बाबांच्या घरी येऊन ती पुणेरी बोलायला शिकली होती आणि इतकी छान शिकली होती, की तिची स्वतःची बोली तिच्या तोंडून मी क्वचितच ऐकली होती. अंतोन आला त्या दिवशी तो जिन्याखाली कुणाशी तरी कोंकणीत बोलला, आणि आई हातातलं लाटणं तसंच घेऊन जिन्यात आली.

"खंयचो रे तू?" तिनं वरून विचारलं.

त्यानं मान वर केली, आणि पुढची वीस मिनिटं ती दोघं बोलत राहिली. इकडे तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली. आईला इतकं भराभर बोलताना मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

अंतोनपुढेही परीक्षा होती. समुद्रावर फिरणारी प्रवासी जहाजं असतात, त्यांच्यावर बँड लागतो. तशा एका जहाजाचा बँडमास्तर वैशाखात कोलकात्याला येऊन माणसं निवडणार होता. ट्रंपेटवाले त्याच्याकडे ढीगभर होते. त्याला स्पॅनिश गाणी म्हणणारा हवा होता. अंतोननं वीस वर्षं गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून ट्रंपेट वाजवलेलं. गाणी सगळी कानात होती, पण तोंडानं कधी म्हटलेली नव्हती. त्यानं एक गाणं निवडलं. संथ, लांब ओळींचं. बोट किनाऱ्यावरून सुटते आणि धक्क्यावरचा माणूस हात हलवायचं विसरतो, असा काहीतरी त्याचा अर्थ आहे, असं तो सांगायचा. "कोणे सांगिल्लें, खबर ना," कुणी सांगितलं ते ठाऊक नाही, असंही लगेच म्हणायचा. जहाजावर घेतलं तर ठीक. नाही तर परत गोव्याला, विधवा बहिणीच्या पडवीत. त्यानं आईला हे सांगितलं, आईनं मला सांगितलं. तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला सगळं माहीत होतं.

आता त्याची तयारीची रीत ऐका. गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना संगीत शिकवणारा मास्तर असतो, त्याला मेस्त म्हणतात. अंतोनच्या मेस्तानं त्याला सातव्या वर्षी एक नियम घालून दिला होता. चुकलं की थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. मधूनच उचलायचं नाही. चुकलेल्या जागेवर ठिगळ लावायचं नाही. पन्नाशीतही हा मनुष्य तो नियम पाळत होता.

आणि चुकायचा तो नेमका एकाच जागी. तिसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीवर. तिथे सूर वर जायचा, ओळ एका श्वासात न्यायची होती, आणि नेमकी तिथे कवळी हलायची. बारीक शीळ वाजल्यासारखा आवाज यायचा. मग शांतता. मग खोकला. मग पहिल्यापासून.

मी वर टेबलाशी. दुपारचे दोन. वीज गेलेली, ती त्या काळातली वीज, जी येण्यापेक्षा जाण्यासाठीच प्रसिद्ध होती. घामानं कोपर वहीला चिकटतंय. एका हातात विंझणा, दुसऱ्या हातात पेन्सिल, समोर बेन्झीनचं वलय. आणि खालून पहिलं कडवं. दुसरं कडवं. तिसरं, पहिली ओळ, दुसरी ओळ, शीळ. खोकला. पहिलं कडवं. अहो, मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरी दोन कडवी मला 'शुभं करोति'सारखी पाठ झाली! दर चौथा शब्द कोरासोन, म्हणजे काळीज, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बेन्झीनचं कोरासोन, नायट्रोबेन्झीनचं कोरासोन. मी खिडकीतून ओरडायची, "अहो, चुकलं तिथून पुढे म्हणा ना!"

खालून शांतपणे उत्तर यायचं, "चुकलें जाल्यार परत मुळासावन, बाय."

बरं, पळून जावं तर कुठे? कॉलेजात शुक्ला नावाची माझी मैत्रीण होती. तिचा मोठा भाऊ आणि त्याचे मित्र फाटकाशी गिटार घेऊन बसायचे आणि दक्षिण अमेरिकेतली क्रांतीची गाणी म्हणायचे. तीही स्पॅनिशच! वाढलेल्या दाढ्या, खांद्याला झोळ्या, आणि मुठी आवळून कोरासोन. शुक्ला डोळे मिटून, माझ्या नावाचा बंगाली उच्चार करत म्हणायची, "नोलिनी, यात शेतमजुरांचा आक्रोश आहे, तुला ऐकू येत नाही?" मला ऐकू यायचं ते एवढंच, की परीक्षा जवळ आली आहे. एकदा मी तिला घरी आणली. तिनं अंतोनला त्यांच्यातलं एक गाणं गुणगुणून दाखवलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "हें तर न्हिदोवपाचें गीत, बाय. भुरग्याक न्हिदयतात." अंगाई! शुक्ला चार दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काही मीच तिची क्रांती झोपवली. त्याचं तरी खरं कशावरून? दोघांनाही भाषा येत नव्हती.

संध्याकाळी ट्रामनं यावं तर पानवाल्याच्या रेडिओवर नवं बंगाली गाणं, आणि त्याच्या बुडाशी तोच चा-चा-चाचा ठेका. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत तोच. आमची आई गुरुवारी दत्ताची आरती म्हणायची, तिचाही हात ताम्हनावर त्याच ठेक्यात पडायला लागला तेव्हा मी हात टेकले. कुठलं क्यूबा, कुठलं मेक्सिको, कुणी नकाशात दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही, आणि सगळं शहर त्या चालीवर मान हलवतंय. अर्थ कळत नव्हता म्हणूनच चाललं असेल. ज्यानं त्यानं आपल्याला हवा तो अर्थ भरून घेतला. शुक्लानं क्रांती भरली, आईनं वेंगुर्ल्याचं बंदर भरलं, मी नापास होण्याची भीती भरली. बाबांनी काही भरलं नाही. ते म्हणायचे, "गोंगाट आहे नुसता."

आईनं तर कहरच केला. अंतोनची खुळखुळ्यांची जोडी खोली बदलताना कुठेतरी राहिली होती. ते दोन्ही हातांत धरून ठेक्यावर हलवायचे असतात. आईनं नारळाच्या चार करवंट्या तासून गुळगुळीत केल्या, आत मसूर घातले, दोन-दोन जोडून कणकेच्या खळीनं कापडाच्या चिंध्या चिकटवल्या, लाटण्याची तुटकी टोकं मुठी म्हणून बसवली आणि वर हळदीकुंकवाची बोटं ओढली. "देव बरें करूं, वहिनी," म्हणत त्यानं ते असे काही हलवले, की मला वाटलं, झालं, आता तालही आला! पूर्वी नुसतं गाणं होतं.

चैत्रात आईचं हळदीकुंकू असायचं. गौर मांडायची, आंबेडाळ, पन्हं, आणि भवानीपूरपासून गार्डन रीचपर्यंतच्या मराठी बायका दोन-दोन ट्रामा बदलून यायच्या, कारण वर्षातून मोजक्या वेळा पोटभर मराठी बोलायला मिळायचं. त्या दुपारीही खाली गाणं सुरूच. बायकांनी कान टवकारले. कोण गातं हो? वर बोलवा की! हो-नाही करता करता अंतोन कडक इस्त्रीचा शर्ट घालून वर आला, गौरीला हात जोडले आणि दाराशीच उभा राहून खुळखुळे हलवत गायला लागला.

पहिलं कडवं. दुसरं. तिसऱ्यात शीळ. तो थांबला, आणि नियमाप्रमाणे पहिल्यापासून सुरू झाला. आमच्या बायकांना वाटलं, ध्रुपदावर आला! भजनात नाही का, कडवं झालं की गवई ध्रुपदावर येतो आणि मग सगळ्यांनी उचलून धरायचं असतं? त्यांनी उचललं. टाळ्यांचा ठेका धरून, नऊवारी-पाचवारीतल्या वीस बायकांनी, तोंडाला येईल त्या शब्दांत ते स्पॅनिश गाणं उचलून धरलं. तो पुन्हा चुकला, पुन्हा पहिल्यावर आला. यांनी पुन्हा उचललं. असं चार वेळा. अंतोन आधी गडबडला, मग त्याचा चेहरा असा काही खुलला, की त्याची कवळी पूर्ण दिसली. एक काकू डोळे पुसत म्हणाल्या, "किती भक्तिभावाचं आहे हो!" आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी आतल्या खोलीत, कानात कापूस, मांडीवर पुस्तक. मला जराही हसू आलं नाही. आता येतं, आणि त्याचाही राग येतो.

परीक्षेला तीन आठवडे राहिले तेव्हा माझा तोल गेला. दुपारीच, विजेशिवाय. त्या दिवशी मी मोजलं होतं: अकराव्यांदा तो पहिल्यावर आला. मी जिना उतरले, सोळा पायऱ्या, आणि त्याच्या दारात उभी राहून जे तोंडाला येईल ते बोलले. की तुम्हाला काय, तुमचं गाणं आहे, माझं आयुष्य आहे. की तुमच्यामुळे मी नापास होणार आणि जन्मभर नागपुरात चहा ओतत बसणार. की तुम्हाला ती ओळ या जन्मात येणार नाही, मग आमचा जीव कशाला खाता?

शेवटचं वाक्य मी बोलले. ते मला बोलायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या क्षणी बोलायचंच होतं.

तो खुर्चीतून उठला. खुळखुळे टेबलावर ठेवले, ते आवाज करू नयेत म्हणून हातानं दाबून धरले. "सॉरी बाय," म्हणाला. "तूं शीक. बरें शीक."

दुसऱ्या दिवसापासून खाली चिडीचूप. आई मला रागावली नाही. पोळी वाढताना एवढंच म्हणाली, "तुझी परीक्षा आहे, तशी त्याचीपण आहे. एका घरात दोन परीक्षा आल्या, तर काय बिघडत होतं गं?" मी म्हटलं, "माझी पहिली ठरली होती." काय पण उत्तर! जशी काही बसमधली जागा.

आठवड्यानं बाबा जेवताना हसत सांगायला लागले. डब्याच्या सुट्टीत ते ऑफिसातून नदीकाठी पान खायला गेले, तर घाटावर आपला अंतोन! डोक्यावर छत्री बांधलेली, हातात ते खुळखुळे, आणि नदीकडे तोंड करून गातोय. वैशाखाचं ऊन, धक्क्यावरच्या भोंग्यांचा गदारोळ, होडीवाले टकाटका बघतायत. "त्या भोंग्यांच्या वर आवाज चढवतो, वेडाच आहे," बाबा म्हणाले. आई हसली नाही. मी ताटातला भात चिवडत राहिले. उद्या खाली जाऊन सांगावं, की घरीच म्हणा, असं मनात आलं. पण मग वाटलं, एवढं ऐकवल्यावर कुठल्या तोंडानं? आणि शांतता मला हवीच होती, हेही खरं.

माझी परीक्षा सोमवारी होती. त्याच्या आधीच्या मंगळवारी सकाळी पेपरात बातमी: परीक्षा पुढे ढकलल्या, नवी तारीख यथावकाश कळवण्यात येईल. त्या वर्षांत हे असंच चालायचं. कधी बंद, कधी बॉम्ब, कधी पर्यवेक्षकांना धमक्या. ती पुढे गेलेली दुसरी वेळ होती, नंतर आणखी एकदा गेली. मी पुस्तक भिंतीवर फेकलं आणि पलंगावर पालथी पडून राहिले. कुणासाठी एवढं घोकलं? कशाला एवढी शांतता पाळली? मंगळवार असा गेला. बुधवारी आई वर येऊन म्हणाली, "अंतोन भेटला जिन्यात. म्हणत होता, 'काल न्हंयेर पुराय म्हणलें, शेवटामेरेन.' नदीवर काल एकदा पुरं झालं त्याचं, न चुकता. पण घसा बसलाय गं त्याचा, उन्हात ओरडून ओरडून. शुक्रवारी आहे त्याची परीक्षा. तू जा आणि सांग, आता घरात म्हण, सावलीत, हळू आवाजात. तू सांगितलंस तरच म्हणेल तो. मी सांगून बघितलं, 'बाय शिकता' म्हणतो."

मी म्हटलं, "बघते." तेव्हा माझा राग विद्यापीठावर होता, शहरावर होता, विजेवर होता, आणि तो सगळा अंगावर पांघरून मी पडून राहिले. बुधवार गेला. गुरुवार गेला. सोळा पायऱ्या होत्या. त्या उतरून 'काका, घरी गा' एवढे तीन शब्द बोलायचे होते, आणि ते मी बोलले नाही. लाज वाटली. लाजेला आळस म्हणायची, आळसाला वैताग म्हणायची माझी जुनी सवय आहे. अजून गेलेली नाही.

शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि तासाभरात परत आला. आई जिन्यात उभीच होती. मी दाराआड. त्यानं दोन्ही खुळखुळे तिच्या हातात दिले. आवाज फुटत नव्हता, नुसती घरघर येत होती.

"पयलेंच कडवें, वहिनी. आवाजूच ना. ताणें म्हणलें, पुरो." पहिल्याच कडव्यात, पुरे म्हणाला तो.

"परत पहिल्यापासून म्हणू देत नाहीत काय रे?" आईनं विचारलं.

तो हसला. "ना गो. थंय मेस्त ना." तिथे मेस्त नव्हता.

माझी परीक्षा तीनदा पुढे गेली. त्याची एकदाही नाही.

महिन्याभरात तो गोव्याला गेला. ट्रंपेट पेटीत, पेटी हमालाच्या डोक्यावर. मी निरोप द्यायला खाली उतरले, पण तो जिन्याकडे पाठ करून घरमालकाला किल्ली देत होता, आणि मी परत वर आले. आईशी कोंकणीत बोलणारं त्यानंतर त्या घरात कुणी आलं नाही. आईही मग नीट पुणेरी बोलत राहिली, शेवटपर्यंत. मी शेवटी भर पावसाळ्यात परीक्षा दिली. मला पहिला वर्ग मिळाला. पेपरात बेन्झीनचं वलय आलं, ते लिहिताना ओठांवर कोरासोन आलं आणि पुढच्या पायऱ्या एकामागून एक हातातून उतरल्या. त्या शांततेच्या आठवड्यांत पाठ केलेला भाग मात्र साफ विसरले होते. याचं काय करायचं ते सांगा मला!

म्हणून काल ईरानं जे केलं, त्यानं मला हबकायला झालं. मी भाजी निवडत होते. तोंडानं काहीतरी चालू असणार, मला कळत नाही आजकाल. तिनं कानातली बोंडं काढली.

"आजी, हे तू काय गातेस? हे तर स्पॅनिश आहे!"

"उगाच काहीतरी."

तिनं फोन माझ्या तोंडासमोर धरला. "परत गा. फोन शोधून काढेल." मी दोन कडवी म्हटली. माझा आवाज म्हणजे गिरणी, पण त्या यंत्राला भीडभाड नाही. दोन सेकंदांत त्यानं गाणं हजर केलं. कुणी दुसराच माणूस, कधीच्या काळचा, मागे खुळखुळे. पन्नास वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात पहिलं कडवं सुरू झालं. दुसरं झालं. मी निवडलेली भाजी आणि देठं एकाच पातेल्यात टाकत होते. तिसरं कडवं. पहिली ओळ. दुसरी ओळ, सूर वर गेला, आणि मी मान खाली घालून वाट बघत राहिले, शिळेची, खोकल्याची.

गाणं पुढे निघालं. सरळ, न अडखळता, पुढच्या ओळीकडे. ती ओळ मी कधी ऐकलेली नव्हती.

"बंद कर," मी म्हटलं. "बंद कर गं, लवकर!"

ईरानं घाबरून थांबवलं. "काय झाला? पुढचा भाग तर छान आहे. शेवट ऐकायचा नाही?"

"नाही. पहिल्यापासून लाव."

तिनं लावलं. तिसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीवर मी पुन्हा हात वर केला. पुन्हा पहिल्यापासून. मग पुन्हा. शेवट त्यानं नदीला ऐकवला होता, तो मी फोनवर फुकटात ऐकायचा? मला तो अधिकार नाही, आणि हे सतरा वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं तेही मला माहीत नाही. भाजीची देठं वेचून बाहेर काढत मी तिला सांगत राहिले, पहिल्यापासून, पहिल्यापासून.

सहाव्यांदा तिनं फोन ओट्यावर आपटला.

"आजी! सारखी सारखी तेच! माझा परीक्षा आहे ना!"

मी तिच्याकडे बघितलं. परीक्षा स्त्रीलिंगी आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. वाक्य पहिल्यापासून म्हणायला लावणार होते.

"गाणं लाव गं," मी म्हटलं. "तू शीक. मी हळू ऐकते."